दिलेला शब्द आणि बदललेले मत

एखाद्याने आपले मत बदलले तर त्याला काय म्हणावे? या बाबतीत आपली भाषा मोठी श्रीमंत आहे. तो माणूस पलीकडून आपल्या बाजूला आला असेल, तर त्याचे हृदयपरिवर्तन झाले, त्याला उपरती झाली, त्याचे डोळे उघडले असे आपण म्हणतो. तोच आपल्याकडून पलीकडे गेला, तर त्याने कोलांटउडी मारली, घूमजाव केले, टोपी फिरवली. माणूस तोच आणि कृतीही तीच; आपण कुठे उभे आहोत एवढ्यावरून शब्द ठरतो.

मी शाळेत शिकवते. तिथे मुलांना आम्ही दोन धडे देतो. दिलेला शब्द प्राण गेला तरी मोडू नये, हा पहिला. आपले चुकते आहे असे कळले की हट्ट न धरता मत बदलावे, हा दुसरा. दोन्ही धडे चांगले आहेत. पण ते एका दप्तरात सुखाने नांदत नाहीत. हरिश्चंद्राची गोष्ट सोमवारी सांगितली आणि वाल्याची मंगळवारी, तर एखादे चौकस मूल विचारतेच, की वाल्याने आपला पहिला धंदा सोडला तो चांगला, मग हरिश्चंद्राने आपला शब्द सोडला असता तर तो वाईट का? मुलाला आपण काहीतरी सांगून गप्प बसवतो. प्रश्न मात्र गप्प बसत नाही. निवडणुकीच्या दिवसांत तर तो घराघरांत येऊन बसतो.

या प्रश्नाचा विचार करायला मी मुद्दाम दूरच्या देशातले उदाहरण घेणार आहे. जवळचे उदाहरण घेतले, की आपण आधी त्या माणसाचा पक्ष पाहतो आणि मग न्याय करतो. अमेरिकेतल्या उमेदवाराशी आपले ना वैर ना नाते, त्यामुळे तराजू जरा स्थिर राहील. शिवाय ज्या विषयावर या उमेदवाराने मत बदलले, तो विषय कोणत्याही देशातल्या घराच्या माजघरात पोचणारा आहे. तो विषय गर्भपाताच्या कायद्याचा. सणाच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. पण दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीबाळींच्या सुखदुःखाचाच हा विषय आहे, आणि अंक हाती घेणाऱ्यांत त्याही असतात.

मिट रॉम्नी हे त्या उमेदवाराचे नाव. १९९४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातून तो अमेरिकेच्या सिनेटसाठी उभा राहिला. पक्ष रिपब्लिकन, प्रतिस्पर्धी डेमोक्रॅटिक पक्षाचा एडवर्ड केनेडी. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बॉस्टन शहरात दोघांचा जाहीर वाद झाला. गर्भपाताचा प्रश्न निघताच रॉम्नीने सांगितले, की गर्भपात सुरक्षित आणि कायदेशीर असला पाहिजे असे आपण मानतो. आपली आई १९७० साली सिनेटची निवडणूक लढली, तेव्हापासून घराची हीच भूमिका आहे. मग त्याने कारण सांगितले. त्यांच्या जवळच्या नात्यातली एक स्त्री बेकायदा गर्भपातात दगावली होती. तेव्हापासून आपल्या घराने ठरवले, की आपल्या श्रद्धा आपल्यापाशी ठेवायच्या, दुसऱ्यावर लादायच्या नाहीत. या बाबतीत मी डळमळताना दिसणार नाही, अशी ग्वाहीही त्याने दिली. केनेडी मोठा हजरजबाबी. तो म्हणाला, की मी निवडीच्या हक्काच्या बाजूचा आहे. माझे प्रतिस्पर्धी मात्र बहुपर्यायी आहेत! परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्यासारखीला हा टोमणा विसरता येत नाही.

ती निवडणूक रॉम्नी हरला. २००२ साली तो त्याच राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार करणारा माणूस. स्त्रीचा निवडीचा हक्क आपण राखू, असे वचन याही वेळी त्याने दिले आणि तो निवडून आला. पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये मूलपेशींच्या संशोधनाविषयी हार्वर्ड विद्यापीठातल्या एका शास्त्रज्ञाशी त्याची भेट झाली. प्रयोगशाळेत भ्रूण वाढवायचे आणि काही दिवसांनी नष्ट करायचे, हे ऐकून आपले मन हादरले, गर्भातल्या जीवाची किंमत आपल्या लक्षात आली, असे रॉम्नी सांगतो. आपण तसे शब्द वापरलेच नव्हते, असे तो शास्त्रज्ञ म्हणतो. काही असो. जुलै २००५ मध्ये संततिनियमनाची तातडीची गोळी सहज मिळावी आणि अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांना ती रुग्णालयात दिली जावी, असे विधेयक रॉम्नीपुढे आले. ते त्याने नाकारले, आणि दुसऱ्या दिवशी ‘बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्रात लेख लिहून आपण गर्भपाताच्या विरोधात असल्याचे जाहीर केले. अत्याचार, रक्ताच्या नात्यातला संबंध आणि आईच्या जीवाला धोका, एवढे अपवाद त्याने ठेवले. राज्याच्या विधिमंडळाने त्याचा नकार फिरवून ते विधेयक कायद्यात आणले, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर रॉम्नी राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरला. २००८ साली पक्षाची उमेदवारी मिळाली नाही, २०१२ साली मिळाली. त्या ऑक्टोबरात तो एका वृत्तपत्राला म्हणाला, की गर्भपाताविषयीचा कोणताही कायदा आपल्या कार्यक्रमात नाही. लगेच दुसऱ्या दिवशी गर्भाच्या बाजूचा राष्ट्राध्यक्ष होण्याची ग्वाही त्याला पुन्हा द्यावी लागली. नोव्हेंबरात ओबामांनी त्याला हरवले.

आता न्याय करायला बसू या.

सोपा न्याय असा, की माणूस संधिसाधू आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांपुढे जायचे होते तोवर त्यांना रुचेल ते मत. देशभरातल्या आपल्या पक्षाच्या मतदारांपुढे जायची वेळ आली तेव्हा त्यांना रुचेल ते. वाऱ्याची दिशा आणि मताची दिशा दोन्ही वेळा एकच निघाली, हा काय योगायोग? हा युक्तिवाद बळकट आहे. पण तो पुरा नाही. हाच रॉम्नी पुढे युटा राज्यातून सिनेटवर गेला, आणि ५ फेब्रुवारी २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगात त्याने आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला एका आरोपाबाबत दोषी ठरवणारे मत दिले. अमेरिकेच्या इतिहासात असे करणारा तो पहिला सिनेटर. त्या दिवशी त्याच्या पक्षात तो एकटा होता. जो माणूस वाऱ्याबरोबरच फिरतो, तो त्या दिवशी वाऱ्याच्या तोंडाला का उभा राहिला?

मी कादंबऱ्या लिहिते. माझ्या पात्रांच्या मनात काय चालले आहे ते मला ठाऊक असते, कारण ती मीच घडवलेली असतात. जिवंत माणसाच्या मनात शिरायची वाट मात्र कादंबरीकारालाही सापडत नाही. २००४ च्या त्या भेटीनंतर रॉम्नीच्या मनात खरोखर काही हलले, की निवडणुकीचा हिशेब हलला, हे तुम्ही आम्ही सांगू शकत नाही. कदाचित त्यालाही नीट सांगता येणार नाही. माणसाचे हित आणि माणसाची श्रद्धा ही दुधापाण्यासारखी मिसळलेली असतात, आणि हंस काही प्रत्येक गावच्या तळ्यावर उतरत नाही. म्हणून हेतूची चौकशी मी इथेच थांबवते.

त्याआधी त्याच घराची दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. मिटचे वडील जॉर्ज रॉम्नी मिशिगन राज्याचे गव्हर्नर होते आणि राष्ट्राध्यक्षपदाचे वजनदार इच्छुक होते. व्हिएतनामच्या युद्धाला त्यांनी आधी पाठिंबा दिला होता. १९६७ साली त्यांनी मत बदलले आणि उघडपणे सांगितले, की १९६५ साली आपण तिकडे गेलो तेव्हा सेनापतींनी आणि मुत्सद्द्यांनी आपल्या डोक्यात हवे ते भरले. ते युद्ध आवश्यक होते असे आता आपल्याला वाटत नाही. त्यासाठी ‘बुद्धी धुऊन काढली’ अशा अर्थाचा शब्द त्यांच्या तोंडून गेला. देशभर त्यांची टवाळी झाली. ज्याची बुद्धी कोणीही धुऊ शकतो तो देश काय चालवणार, असे लोक म्हणू लागले. फेब्रुवारी १९६८ मध्ये ते शर्यतीतून बाहेर पडले. युद्धाबद्दल त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे आज फारसे कोणी म्हणणार नाही. तरीही माझी समजूत आधी वेगळी होती, असे सांगण्याची शिक्षा त्यांना मिळाली.

मुलाने यातून काय धडा घेतला ते मला ठाऊक नाही. पण मतदारांनी उमेदवारांना कोणता धडा दिला ते स्पष्ट आहे. मत बदलले तर ते कबूल करू नका, असा तो धडा. जणू पूर्वीपासून हेच म्हणत होतो असे दाखवा, किंवा एखाद्या प्रसंगाची गोष्ट सांगून मोकळे व्हा. आपणच उमेदवाराला दगडी पुतळा होण्याची अट घालतो आणि मग तो मुखवटा घालतो म्हणून रागावतो. या ढोंगात आपलाही वाटा आहे.

महात्मा गांधींनी या बाबतीत मोठा मोकळेपणा दाखवला होता. १९३३ साली ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिले, की सुसंगत दिसण्याची आपल्याला फिकीर नाही; एकाच विषयावरच्या आपल्या दोन लिखाणांत फरक आढळला, तर वाचकाने नंतरचे लिखाण प्रमाण मानावे. पण गांधी काही निवडणुकीचे उमेदवार नव्हते. उमेदवार मत मांडतो तेव्हा तो मतदारांशी करार करतो. आज हे सांगून मते घेतली आणि उद्या ते फिरवले, तर करार मोडला असे म्हणावेच लागेल. मग निदान राजकारणात तरी शब्द पाळणे हाच धर्म, असे ठरवून टाकावे काय?

इथे मला भीष्म आठवतो. शब्द पाळावा तर भीष्मासारखा, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याने आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली आणि ती रेसभरही ढळू दिली नाही. पण त्या प्रतिज्ञेची किंमत कोणी दिली? काशीराजाच्या मुलीला, अंबेला, त्याने भावासाठी स्वयंवरातून पळवून आणले. तिचे मन शाल्वावर होते असे कळताच त्याने तिला परत पाठवले. शाल्वाने तिला स्वीकारले नाही. ती पुन्हा भीष्माकडे आली, तर त्याची प्रतिज्ञा आड आली. शब्द भीष्माचा आणि वनवास अंबेचा! हरिश्चंद्राने स्वप्नातले वचन पाळले, तेव्हा बाजारात तारामती आणि रोहिदासही उभे राहिले. त्यांनी कुठलेच वचन दिले नव्हते. तेव्हा जो शब्द बदलत नाही तो थोर आणि जो बदलतो तो हलका, हे माप मला अपुरे वाटते. शब्द पाळला किंवा मोडला, याची किंमत कोण देणार आहे आणि तो माणूस शब्द देणाऱ्याच्या हिशेबात आहे की नाही, हे मी आधी पाहीन.

याच मापाने रॉम्नीकडे पुन्हा पाहू. १९९४ च्या वादात त्याने ज्या स्त्रीचा उल्लेख केला, ती त्याच्या बहिणीची नणंद होती. हे नाते नेमके सांगायला मराठीला एक शब्द पुरतो. विशीतली मुलगी. १९६३ साली ती गेली. त्या वेळी कायद्याने तिला डॉक्टरकडे उजळ माथ्याने जाता येत नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीचा हा हक्क मान्य केला तो जानेवारी १९७३ मध्ये, म्हणजे तिच्यामागे दहा वर्षांनी. मिट तेव्हा सोळा वर्षांचा होता. घरातल्या त्या मृत्यूवर त्याने आपले पहिले मत उभे केले होते आणि भर सभेत तसे सांगितले होते.

मग २००४-०५ मध्ये मत बदलले. त्या बदलाची जी कथा तो सांगतो तिच्यात प्रयोगशाळा आहे, शास्त्रज्ञ आहे, भ्रूण आहे. बहिणीची नणंद मात्र त्या कथेत दिसत नाही. माझी तक्रार इथे आहे. गर्भातल्या जीवाचा विचार त्याच्या मनात आला, यात वाईट काहीच नाही. तो विचार कोणाही सहृदय माणसाच्या मनात यावा असाच आहे. परंतु नवा साक्षीदार आला म्हणून जुन्या साक्षीदाराला न्यायालयाबाहेर का काढावे? तिच्या मृत्यूमुळे मी असे म्हणत होतो. आज मी वेगळे म्हणतो आहे. आणि उद्या तिच्यासारख्या मुलीवर तीच वेळ आली तर माझ्या नव्या कायद्यात तिच्यासाठी अमुक जागा आहे, किंवा जागा नाही आणि तरीही मला हेच योग्य वाटते. असे काही तो बोलला असता, तर त्याच्याशी सहमत नसलेल्यांनीही त्याला प्रामाणिक म्हटले असते. मत बदलताना घर बदलल्यासारखे जुने सामान टाकून जाता येते. जुनी माणसे टाकून जाता येत नाहीत.

हे माप एकाच दिशेने चालवले तर तो पक्षपात होईल. डेमोक्रॅटिक पक्षाच्या जो बायडन यांचे उदाहरण घ्या. गर्भपातासाठी केंद्र सरकारचा पैसा वापरू नये, या नियमाला त्यांनी अनेक दशके पाठिंबा दिला. ते स्वतः कॅथलिक. ज्यांना हे कृत्य पाप वाटते त्यांच्या कराचा पैसा त्यासाठी घेऊ नये, हा त्या नियमामागचा विचार. जून २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागताना, पाठिंबा कायम आहे असे त्यांच्या प्रचारकांनी एके दिवशी सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो मागे घेतला. गरीब स्त्रीला पैशाअभावी उपचार मिळत नाहीत, हे त्यांचे कारण. कारण वजनदार आहे. पण ज्या श्रद्धाळू करदात्यांसाठी इतकी वर्षे नियम हवा होता, ते एका रात्रीत कुठे गेले? त्यांनाही उत्तर मिळायला हवे होते. पुढे २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा निर्णयच रद्द केला आणि हा प्रश्न एकेका राज्याच्या हाती गेला. तेव्हापासून तिकडच्या प्रत्येक लहानमोठ्या उमेदवाराचा शब्द स्त्रियांच्या आयुष्याला थेट जाऊन भिडतो.

आपल्याकडे हा प्रश्न निवडणुकीत कधी गाजला नाही. भारत सरकारने १९६४ साली या विषयावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा होते. समितीचा अहवाल १९६६ साली आला, १९७१ साली कायदा झाला आणि २०२१ साली त्याची मुदत ठराविक स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली. कोणा उमेदवाराला या विषयावर सभेत कोलांटउडी मारावी लागली नाही. पण म्हणून आपण शहाणे, असे मी म्हणणार नाही. आपण प्रश्नच विचारला नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

माझे स्वतःचे मत मी लपवत नाही. निर्णय स्त्रीच्या हाती असावा, कायद्याने तिला दारोदार लपूनछपून हिंडायला लावू नये, असे मला वाटते. पण मग माझे माप मलाही लागू होते. माझ्या या मताची किंमत कोणी दिली? याच महाराष्ट्रात गर्भाचे लिंग पाहून मुली पोटातच संपवल्या गेल्या. त्याला आळा घालणारा कायदा आपल्या राज्याने १९८८ साली देशात प्रथम केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत राज्यात ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ उरल्या. ‘निवड’ हा शब्द उच्चारताना या न आलेल्या मुली माझ्यासमोर उभ्या असतात. त्यांच्यामुळे मी मत बदललेले नाही, कारण त्या घरांतून निवड बहुधा त्या बाईची नव्हतीच. पण त्यांना वगळून मत सांगायचा अधिकार मला नाही.

दोन्ही साक्षीदारांना एकाच घरात ठेवून दाखवणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा इथे ठेवावे. बाईला दोष नाही आणि बाळाला मरण नाही. पुढे अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. हा काही कायद्याच्या सगळ्या प्रश्नांचा उलगडा नव्हे. पण आई आणि मूल यांतल्या एकाचे नाव घेताना दुसऱ्याचे विसरायचे नाही, हे त्या घराला ठाऊक होते.

तेव्हा मत बदलणारा उमेदवार तुमच्या दारी आला, तर तुम्ही का बदललात, असे त्याला विचारण्यात फारसा अर्थ नाही. तो एखादी गोष्ट तयार ठेवूनच आलेला असतो. त्याला असे विचारा, की ज्या माणसांकडे पाहून तुम्ही काल ते बोलत होता, त्यांना आज तुम्ही काय सांगाल? तो त्यांचे नाव काढून, त्यांच्याकडे पाहून बोलू लागला, तर त्याचे मत तुमच्या विरुद्ध असले तरी त्याला बसायला पाट द्या. आणि ती माणसे कोण, हेच त्याला आठवत नसेल, तर त्याचे आजचे मत तुमच्या कितीही मनासारखे असो, उद्या तुम्हीही त्याच्या आठवणीत राहणार नाही.